पिकअपचे पुढचे शॉक ॲब्सॉर्बर घरी बदलायचे असतील तर

आपली पिकअप हर्णै बंदरावरून मासळी आणि हंगामात आंब्याच्या पेट्या वाहते. खड्ड्यातून गेली की ती पुढून दोन-तीन वेळा हेलकावते, ब्रेक दाबला की तिचे तोंड खाली दबते आणि डाव्या बाजूच्या शॉक ॲब्सॉर्बरवरून तेल ओघळलेले दिसते. गॅरेजमध्ये दोन्ही बदलावे लागतील असे सांगितले गेले आहे. घरी जॅक आणि पान्यांचा बऱ्यापैकी संच असल्याने हे काम अंगणातच करता येईल का, आणि गळणारा एकच बदलला तर भागेल का, असे आपण विचारले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते कोणत्याही परिस्थितीत बदलत नाही. एकच बदलू नये. नवा शॉक ॲब्सॉर्बर एका बाजूचे चाक दाबून धरतो आणि जुना दुसऱ्या बाजूचे चाक उडू देतो. सरळ रस्त्यावर हा फरक चालकाच्या लक्षातही येत नाही, पण ओल्या घाटात वळणावर ब्रेक दाबावा लागला की नेमका तेव्हाच तो दिसतो. उजवा अजून गळत नसला, तरी तो डाव्याइतकेच खड्डे खाऊन बसलेला आहे.

घरी करता येईल का, याचे उत्तर मात्र गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे, आणि आपण मॉडेल लिहिलेले नाही. शिवाय खरी अडचण वेगळीच आहे, असे मला वाटते. शॉक ॲब्सॉर्बर बदलणे म्हणजे प्रत्येक बाजूचे दोन नट सोडणे आणि दोन आवळणे, एवढेच हे काम वरवर पाहता आहे. कोकणात मात्र ते दोन नट खाऱ्या हवेने धरून ठेवलेले असतात, आणि गाडीखाली आपले डोके असताना ती कशावर टेकलेली आहे हा प्रश्न त्याहून मोठा असतो. रत्नागिरीच्या आसपास अनेक वर्षे हे काम करताना ज्या गाड्या अर्धवट उघडलेल्या अवस्थेत ओढून गॅरेजमध्ये आणाव्या लागल्या, त्या बहुतेक या दोन कारणांनीच आल्या. म्हणून खालचे उत्तर मी या दोन गोष्टींभोवती लिहीत आहे.

त्याआधी, दोष खरोखर शॉक ॲब्सॉर्बरचाच आहे ना, हे पाहू. गाडीचा भार शॉक ॲब्सॉर्बर उचलत नाही. तो भार कमानपाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांवर, किंवा स्प्रिंगवर असतो. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो हलत राहतो आणि कोणीतरी दोरीला हात लावला की थांबतो. स्प्रिंग हा तो झोपाळा आणि शॉक ॲब्सॉर्बर हा तो हात. आतला दट्ट्या तेलातून वरखाली होतो, तेल बारीक झडपांमधून जबरदस्तीने जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन निघून जाते. त्यामुळे गाडी पुढून बसलेली, म्हणजे उंची कमी झालेली दिसत असेल, तर नवे शॉक ॲब्सॉर्बर घालून ती वर येणार नाही. तेथे पाटे पाहावे लागतील. तसेच हौद्यात मागच्या टोकाला जास्त माल भरला असेल, तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग भरकटते. चालकाला तोही शॉक ॲब्सॉर्बरचाच दोष वाटतो.

गाडीचा कोपरा हाताने दाबून ती किती वेळा उसळते हे पाहण्याची पद्धत सर्वांना ठाऊक आहे. कारसाठी ती ठीक आहे. कमानपाट्यांच्या पिकअपवर मी तिच्यावर विसंबत नाही. पाटे कडक असतात आणि एकमेकांवर घासल्याने स्वतःच हेलकावा थोडाफार थांबवतात, त्यामुळे पूर्ण निकामी शॉक ॲब्सॉर्बरसुद्धा या परीक्षेत उत्तीर्ण होतो. त्यापेक्षा आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून थांबावे आणि दोन्ही बाजूंच्या नळकांड्यांना जपून हात लावून पाहावा. काम करणारा शॉक ॲब्सॉर्बर कोमट किंवा गरम झालेला असतो. थंडगार राहिलेला काहीच करत नाही. ज्या बाजूने सायलेन्सरचा पाईप जातो त्या बाजूची ऊब फसवी असू शकते, एवढे लक्षात ठेवावे. टायरवर तळवा फिरवून पाहावा: ठरावीक अंतराने खोलगट खड्डे पडलेले जाणवले, तर चाक रस्त्यावर नीट न टेकता उड्या मारत चालले आहे, असा त्याचा अर्थ होतो. तेलाच्या बाबतीत, नळकांड्यावर धूळ धरलेला हलका ओलसरपणा म्हणजे गळती नव्हे. ओघळ खालच्या टोकापर्यंत आलेला असेल, तर ती गळती. आपल्या वर्णनावरून डावा गेलेला आहे, याबद्दल मला शंका नाही.

तरीही त्याच वेळी चाकाची बेअरिंग, स्टिअरिंगच्या टाय रॉडची टोके, चाक ज्यावर वळते ती किंगपिन किंवा बॉल जॉइंट, पाट्यांच्या टोकाच्या कडीतले रबर (शॅकल बुश) आणि पाटे अक्षाला बांधणारे यू-बोल्ट पाहून घ्यावेत. खडखड आवाज येत असेल, तर तो बहुधा यांपैकी एकाचा किंवा शॉक ॲब्सॉर्बरच्या रबरी बुशचा असतो.

आता रचना. हँडब्रेक लावून, गाडी गिअरमध्ये ठेवून, टॉर्चच्या उजेडात पुढच्या चाकामागे पाहा. पुढेही कमानपाटे असतील आणि शॉक ॲब्सॉर्बर त्यांच्या शेजारी वेगळा उभा असेल, तर हे काम घरी करण्यासारखे आहे. छोट्या टाटा एसमध्ये आणि भार वाहणाऱ्या बऱ्याच पिकअपमध्ये पुढचा अक्ष, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आडवी दांडी, अखंड आणि त्यासोबत पाटे, अशीच मांडणी असते. काही गाड्यांत पाट्यांऐवजी चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, कडेने मागे जाणारी जाड पोलादी दांडी, म्हणजे टॉर्शन बार असतो. तेथेही शॉक ॲब्सॉर्बर वेगळा असतो आणि काम शक्य आहे, मात्र त्या दांडीच्या मागच्या टोकाचा उंची ठरवणारा बोल्ट फिरवू नये आणि चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याला, म्हणजे आर्मला, जॅकचा आधार दिल्याशिवाय शॉक ॲब्सॉर्बर सोडू नये. बऱ्याचदा तोच आर्मला खाली लोंबण्यापासून रोखत असतो, आणि तो सुटला की सगळा ताण ब्रेकच्या रबरी नळीवर येतो.

इसुझू डी-मॅक्ससारख्या पिकअपमध्ये गुंडाळीची स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरवरच चढवलेली असते. आपल्या गाडीत तसे दिसले, तर हे काम घरी करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वरच्या बाजूला कडेने असलेल्या नटांच्या मधोमध एक नट असतो. स्प्रिंग दाबून धरलेली नसताना तो सोडला, तर दाबलेली स्प्रिंग सगळ्या ताकदीनिशी सुटते आणि समोर जे असेल त्यावर आदळते. त्यासाठी स्प्रिंग दाबण्याचे चांगले यंत्र आणि ते वापरण्याची सवय असलेला हात हवा. बाजारात मिळणाऱ्या हलक्या स्क्रू-पट्ट्यांवर ही जोखीम घेऊ नये.

येथून पुढे आपल्या गाडीला पुढे पाटे आहेत असे धरून लिहितो.

खरेदी करताना गाडीच्या नोंदणीपुस्तकातील मॉडेल आणि उत्पादन वर्ष दाखवून भाग क्रमांकानेच शॉक ॲब्सॉर्बर घ्यावा. एकाच नावाच्या पिकअपच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत त्याची लांबी वेगळी असू शकते. लांबी कमी पडली, तर मोठ्या खड्ड्यात तोच पूर्ण ताणला जाऊन तुटतो. ‘हेवी ड्यूटी’ घेतल्याने गाडीची भार वाहण्याची क्षमता वाढत नाही, हेही सांगून ठेवतो. सोबत नवे बुश, वॉशर आणि नायलॉनचे कडे असलेले नट घ्यावेत. खालचा बोल्टही नवा घ्यावा, कारण जुना शाबूत निघेलच असे नाही.

काम एखाद्या रविवारी करायचे ठरवले असेल, तर सुरुवात गुरुवारी करावी. आपली गाडी मासळी वाहते, म्हणजे बर्फाचे खारे पाणी हौद्यातून चासीवर ठिबकत राहते, आणि हे पाणी नुसत्या समुद्राच्या वाऱ्यापेक्षा लोखंडाला कितीतरी जास्त खाते. प्रथम खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन वाळू द्यावा, सर्व नटांच्या बाहेर आलेल्या आट्यांवर वायर ब्रश फिरवावा आणि डब्ल्यूडी-40 किंवा तत्सम गंज सोडवणारे तेल मारावे. शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी पुन्हा मारावे व नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे तेल आट्यांमध्ये उतरते. हे तीन दिवस वगळून एका दुपारी उरकण्याच्या प्रयत्नात तुटलेले बोल्ट मी जितके पाहिले आहेत, तितके दुसऱ्या कोणत्याही कारणाने तुटलेले पाहिलेले नाहीत.

आता आधाराबद्दल. पाट्यांच्या पिकअपचा एक फायदा फार थोडे लोक घेतात. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच असते, त्यामुळे स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवले की चाकामागे हात आणि पाना जाण्याइतकी जागा बहुतेक गाड्यांत होते, आणि मग चाक उचलण्याची गरजच राहत नाही. गाडी चारही चाकांवर उभी ठेवूनच शॉक ॲब्सॉर्बर काढता आणि बसवता येतो, कारण भार पाट्यांवर आहे. आधी हे करून पाहा. जागा पुरली, तर या कामातला सर्वात मोठा धोका आपण कामाला हात घालण्यापूर्वीच दूर केलेला असेल.

जागा पुरत नसेल आणि चाक काढावेच लागत असेल, तर सपाट, कोरडी आणि कठीण जमीन हवी. आपल्याकडची अंगणे उतरती असतात आणि जांभ्याची लाल माती पावसाळ्यात लोण्यासारखी नसली, तरी जॅकच्या छोट्या बुडाखाली नक्कीच दबते. म्हणून जून ते सप्टेंबर मातीच्या अंगणात हे काम करूच नये. कोरड्या दिवसांतही जॅकखाली जाड लाकडी फळी घालावी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नंतर गाडी उचलून अक्षाखाली, पाट्याच्या जवळ, जॅक स्टँड (गाडी टेकवायची लोखंडी घोडी) लावावा. चासीखाली लावला, तर अक्ष लोंबतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवावे.

आणि आधाराला जांभ्या दगडाचा चिरा लावू नये. कोकणात प्रत्येक घराच्या मागे दोन-चार चिरे पडलेले असतात, ते जड आणि घट्ट दिसतात, आणि गाडी त्यावर टेकवण्याचा मोह होतो. पण जांभा हा सच्छिद्र दगड आहे. भिंतीत त्याच्या संपूर्ण पृष्ठभागावर सारखा भार येतो, म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. अक्षाच्या लोखंडाचा भार मात्र एका अरुंद पट्टीवर येतो, आणि आत एखादी पोकळी किंवा ओल असेल, तर चिरा कोणतीही सूचना न देता फुटतो. जॅकवरच्या गाडीखालीही शिरू नये. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. जॅक स्टँडची जोडी विकत घेण्याची तयारी नसेल, तर हे काम गॅरेजला द्यावे, असे मी स्पष्ट सांगेन.

सोडताना आधी खालचा नट घ्यावा. बोल्ट 12 मिमीचा असेल तर बहुधा 19 नंबरचा, 10 मिमीचा असेल तर 17 नंबरचा पाना लागतो. सहा कोनांची गोटी (सॉकेट) किंवा रिंग पानाच वापरावा. उघड्या तोंडाच्या पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे जातात. नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, गंजाची पकड सुटल्याचा बारीक कट्ट आवाज येतो, आणि मग उलट फिरवावा. थोडा सुटला की पुन्हा अर्धा फेरा आत, पुन्हा तेल, असे करत न्यावा.

नट निघाला तरी बोल्ट निघत नाही, हा आपल्या किनाऱ्यावरचा नेहमीचा अनुभव आहे. रबरी बुशच्या आत लोखंडी नळी असते, आणि तिच्यात व बोल्टमध्ये खारे पाणी शिरून दोन्ही एकजीव होतात. अशा वेळी बोल्टवर घणाने मारत बसू नये. ब्रॅकेट, म्हणजे बोल्ट धरणारा वेल्ड केलेला पत्रा, वाकते किंवा त्याचे वेल्डिंग चिरते. ब्रॅकेटचा पत्रा आणि बुश यांच्या फटीतून करवतीचे पाते घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापावा. वेळ लागतो, पण ब्रॅकेट वाचते, आणि बोल्ट तर आपण नवा आणलेलाच आहे. ग्राइंडर वापरायचा असेल, तर ब्रेकची नळी, डिझेलचा पाईप आणि चाकाजवळची सेन्सरची वायर ओल्या जाड कापडाने झाकावी व डोळ्यांना चष्मा लावावा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत करू नये: शॉक ॲब्सॉर्बरच्या जवळ गॅसची ज्योत लावून नट तापवू नये. आत बंदिस्त तेल असते, अनेकांत दाबाखालचा नायट्रोजनही असतो, आणि तापलेले नळकांडे फुटू शकते. जुना शॉक ॲब्सॉर्बर कापून किंवा भोक पाडून पाहण्याच्या भानगडीतही पडू नये.

वरच्या टोकाला काही गाड्यांत बोल्टच असतो, काहींत दट्ट्याचा दांडा ब्रॅकेटमधून वर येतो आणि त्यावर रबर, वाटीसारखा वॉशर व नट असतो. हा नट फिरवला की दांडाही सोबत फिरतो. दांड्याच्या टोकाला पाना धरण्यासाठी सपाट कडा दिलेल्या असतात. एका हाताने त्या धराव्यात. कडा गंजून गोल झाल्या असतील, तर दांडा पकडीने घट्ट धरला तरी चालेल, कारण तो भंगारातच जायचा आहे. नव्या दांड्याला मात्र पकड कधीही लावू नये. चकाकत्या दांड्यावर एक ओरखडा पडला, की तो सीलला कापत राहतो आणि काही महिन्यांत गळती सुरू होते.

जुने काढल्यावर लगेच नवे बसवू नये. दोन्ही ब्रॅकेट वायर ब्रशने स्वच्छ घासून वेल्डिंगच्या कडेने चीर दिसते का, पत्रा पातळ झाला आहे का, हे पाहावे. चीर दिसली, तर तिथेच थांबून वेल्डरकडून काम करून घ्यावे. शाबूत असेल, तर गंजरोधक रंगाचा हात द्यावा आणि तो वाळू द्यावा.

नवा शॉक ॲब्सॉर्बर दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे आतल्या तेलात हवा शिरलेली असू शकते. तो गाडीत बसतो तसा उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा आणि पूर्ण ताणावा. सुरुवातीला जाणवणारी मोकळी हालचाल नाहीशी होऊन सर्वत्र सारखा विरोध जाणवला पाहिजे. गॅसचा असेल, तर तो पट्टीने दाबून बांधलेला येतो आणि सोडला की आपोआप उघडतो. त्याची उघडझाप करून झाल्यावर तो पुन्हा दाबून, वरचे टोक आधी अडकवून मग खालचे बसवावे.

बोल्टच्या आटे नसलेल्या भागाला, म्हणजे जो बुशच्या नळीत बसतो त्याला, ग्रीस लावावे. हे साधे ग्रीस पुढच्या वेळची करवत वाचवते. आट्यांना मात्र लावू नये, कारण ग्रीस लागलेल्या आट्यांवर त्याच जोराने बोल्ट जास्त ताणला जातो.

शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असतानाच करावी. चाक अधांतरी लोंबत असताना खालचा बोल्ट आवळला, तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली उतरवताच ते पिळले जाते, आणि तसेच पिळलेले राहून लवकर फाटते. बुश वर्षभरात गेल्याची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत मला हे कारण फार वेळा सापडले आहे. किती आवळायचे, याचा आकडा गाडीच्या पुस्तकातलाच अंतिम मानावा. तो नसेल, तर 8.8 दर्जाच्या (हा मजबुतीचा आकडा बोल्टच्या डोक्यावर असतो) 12 मिमी बोल्टला साधारण 80 न्यूटन-मीटर हा सर्वसाधारण आकडा आहे, म्हणजे एक फूट लांबीच्या पान्याच्या टोकाशी सुमारे 26-27 किलोंचा जोर. पान्याला पाईप जोडून आवळू नये. वरच्या दांड्याच्या नटाचा हिशेब वेगळा आहे: रबर फुगून वाटीसारख्या वॉशरच्या कडेपर्यंत आले की थांबावे, चेपून बाहेर आले, तर जास्त झाले.

चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे, आणि ब्रेकची नळी किंवा टायर कोठे घासत नाही याची खात्री करावी. मग रिकाम्या गाडीने हळू फेरी मारावी. नव्या शॉक ॲब्सॉर्बरमुळे गाडी पहिल्या दिवशी थोडी कडक वाटते; ते योग्यच आहे. फक्त शॉक ॲब्सॉर्बर बदलले असतील, तर पाट्यांच्या गाडीला अलाइनमेंटची, म्हणजे चाकांची दिशा जुळवण्याची, गरज पडत नाही. टायरवर आधीच खड्डे पडलेले असतील, तर त्यांचा घुमणारा आवाज मात्र काही काळ राहील, तो नव्या भागांचा दोष समजू नये. दोनेकशे किलोमीटर झाल्यावर सर्व नट पुन्हा तपासावेत, आणि मासळीची फेरी झाली की त्याच दिवशी चासी गोड्या पाण्याने धुवावी. एवढे करूनही पुढून खडखड राहिली, तर गाडीचे मॉडेल, आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की वळणावर, आणि भरलेल्या गाडीत येतो की रिकाम्या, हे तिन्ही कळवा. त्यावरून किंगपिन पाहायचे की शॅकलचे बुश, हे सांगता येईल.